जुनी गाडी आणि नवे इंजिन



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘जुन्या अमेरिकन गाडीला कोणते इंजिन बसवावे’ असे सांगितले. चालक क्षणभर गप्प राहिले. कामगार संघटनेचा माणूस किमान वेतनावर बोलेल, बोनसवर बोलेल, ऊसतोड्यांच्या उचलीवर बोलेल. हा इंजिनावर काय बोलणार, असे त्यांना वाटले असावे. त्यात त्यांचा दोष नाही. आमचे शाळेतले शिक्षण लवकर आटोपले आणि पुढचे बरेचसे गॅरेजच्या ओट्यावर व मजूर न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. या दोन्ही ठिकाणी आम्ही एकच धडा शिकलो. एखादी जुनी वस्तू बंद पडली म्हणजे तिच्या जागी काय आणावयाचे, हा प्रश्न यंत्राचा कमी आणि शहाणपणाचा अधिक असतो. आमच्याकडून एकदा या शहाणपणात कसूर झाली. तिची हकिगत सांगावयाची म्हणूनच हा विषय घेतला आहे. पण ती यथावकाश येईल.

प्रारंभी थोडे परमुलखात जाऊ. अमेरिकेत ज्यांना ‘मसल कार’, म्हणजे आपल्या भाषेत पैलवान गाड्या म्हणतात, त्यांचा उदय १९६४ साली झाला असे सामान्यतः मानतात. त्या वर्षी पॉन्टिअ‍ॅक कंपनीने ‘जी. टी. ओ.’ नावाची गाडी काढली. ती नवी नव्हती. कंपनीची मध्यम आकाराची टेंपेस्ट ही गाडी होतीच; तिच्या पुढच्या पोकळीत इंजिनिअरांनी मोठ्या गाडीचे ३८९ घनइंची इंजिन बसविले, एवढेच. ३८९ घनइंच म्हणजे सुमारे ६.४ लिटर. आपल्या घरोघरी पोहोचलेल्या मारुती ८०० चे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे होते. तशी आठ इंजिने एकत्र केली म्हणजे या एका गाडीचे इंजिन होते. पॉन्टिअ‍ॅकची मालक कंपनी जनरल मोटर्स. मध्यम गाडीत एवढे मोठे इंजिन नेहमीचे म्हणून घालावयाचे नाही, असा तिचाच नियम होता. म्हणून हे इंजिन ‘गिऱ्हाइकाने मागितल्यास’ या सदरात दाखविले गेले आणि नियमाला बगल मिळाली. तात्पर्य, पैलवान गाडीचा जन्मच मुळी इंजिन बदलण्यातून झाला आहे, आणि नियमाला बगल देण्याची खोडही तिला जन्मापासूनच आहे.

आज या गाड्यांना साठेक वर्षे झाली. इंजिने झिजली, फुटली, काहींची हरवली. मालकापुढे तीन वाटा असतात. पहिली, मूळचेच इंजिन खोलून, बोअर करून, नवे पिस्टन घालून पुन्हा उभे करावयाचे. गाडीच्या सांगाड्यावरचा आकडा आणि इंजिनावरचा आकडा एकमेकांशी जुळत असेल तर त्या गाडीला बाजारात फार मोल येते. दुसरी वाट म्हणजे त्याच घराण्याचे, त्याच मापाचे, पण कारखान्यातून खोक्यात भरून आलेले कोरे इंजिन आणावयाचे. ते जुन्याच माउंटिंगवर बसते आणि जुन्याच गिअर बॉक्सला जुळते. तिसरी वाट आजच्या जमान्याचे इंजिन घालण्याची. शेव्हरोलेची पहिली ‘स्मॉल ब्लॉक’ इंजिने १९५५ साली आली, ती ओतीव लोखंडाची. त्याच कंपनीने १९९७ च्या कॉर्व्हेट गाडीत घातलेले ५.७ लिटरचे इंजिन अ‍ॅल्युमिनियमचे आहे; ते जुन्यापेक्षा बरेच हलके, पेट्रोलही बेताने पिणारे. पण त्याबरोबर संगणक येतो, वायरींचे जाळे येते, टाकीत उच्च दाबाचा पंप येतो. इंजिन घेतले म्हणजे त्याचा सारा गोतावळा घरात घ्यावा लागतो.

येथे एका फसगतीची सूचना देऊन ठेवतो. जुन्या जाहिरातींतील अश्वशक्तीचे आकडे पाहून पुष्कळजण भुलतात. १९७१ पर्यंत अमेरिकेतील कंपन्या इंजिन मोकळे ठेवून शक्ती मोजत. पंखा नाही, डायनॅमो नाही, सायलेन्सर नाही, आणि मग आलेला आकडा छापत. १९७२ पासून इंजिन गाडीत जसे बसते तसे, सर्व जोडकामासह मोजण्याची पद्धत आली. एका वर्षात आकडे धडाधड खाली आले. शक्ती काही अंशी खरोखरच कमी झाली होती, कारण त्याच सुमारास शिशाविना पेट्रोल चालावे म्हणून इंजिनातील दाबाचे प्रमाण उतरविले होते. पण पुष्कळसा फरक केवळ मोजमापाचा होता. आम्ही वेतनाच्या वाटाघाटीत ‘ढोबळ पगार’ आणि ‘हातात पडणारा पगार’ यांतला भेद कामगारांना वर्षानुवर्षे समजावून दिला आहे. इंजिनाचेही तसेच आहे. चाकापर्यंत काय पोहोचते ते विचारावे.

कोणी म्हणेल, या परदेशी श्रीमंतांच्या खेळाशी आपला संबंध काय? संबंध आहे. अमेरिकन गाडी महाराष्ट्राला परकी नाही. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला होता. तो १९५४ साली बंद झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्याच दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलिस कंपनीच्या जीप जोडण्यास आरंभ केला. शेव्हरोले इंपाला हे नाव जुन्या हिंदी चित्रपटांच्या प्रेक्षकांना सांगावयास नको. पुढे परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ थांबली, सुटे भाग मिळेनात, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल असे महागले की ऐटीत मिरवणाऱ्या त्या प्रचंड गाड्या मालकांच्या गळ्यात पडल्या. मग मिस्त्रींनी त्यांच्या पोटात डिझेल इंजिने घातली. वरून अमेरिकेचे धूड आणि आतून टेंपोची धडधड, अशा गाड्या आमच्या पिढीने पाहिल्या आहेत. अमेरिकेतील माणूस अधिक जोमासाठी इंजिन बदलतो, आपण खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी बदलले. परंतु पोकळीत काय मावेल, कशाला काय जुळेल, हे कोडे दोघांनाही सारखेच.

मराठवाड्याच्या वाट्याला आली ती जीप. तीही जन्माने अमेरिकनच. धरणाच्या कालव्यांवर, साखर कारखान्यांच्या शेतकी खात्यांत, पुढाऱ्यांच्या दारात, सर्वत्र जीप. १९९० च्या सुमारास आमच्या संघटनेनेही वर्गणी करून १९६९ सालची एक पेट्रोल जीप घेतली. तिचे इंजिन मूळ विलिस बांधणीचे, चार सिलिंडरचे, २१९९ घनसेंटिमीटरचे, जुन्या ढोबळ मोजमापाने ७२ अश्वशक्तीचे. तोडणीच्या टोळ्यांच्या कोप्या रानोमाळ विखुरलेल्या; एका रात्रीत पाच-सहा ठिकाणी पोहोचावयाचे तर जीपवाचून गत्यंतर नव्हते. चार वर्षांनी एके दिवशी पाणी आटून ते इंजिन जाम झाले. आम्ही ती जीप ट्रॅक्टरमागे बांधून जालन्याला नेली.

ज्या मिस्त्रींकडे नेली ते वयाने आमच्या वडिलांएवढे. सारे त्यांना चाचा म्हणत, आम्हीही म्हणत असू. लिहिणे-वाचणे सहीपुरते, पण इंजिनाच्या आवाजावरून कोणत्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळतो ते सांगत. त्यांनी आमच्यापुढे तीन वाटा ठेवल्या. मूळ इंजिन बोअर करून, स्लीव्ह घालून, क्रँक ग्राइंड करून उभे करता येईल. खर्च मोठा आणि पेट्रोलचा रतीब चालूच. दुसरी वाट ट्रॅक्टरच्या जातीच्या डिझेल इंजिनाची; दणकट, स्वस्त, आवाज फार. तिसरी, महिंद्राच्या ५४० जीपमध्ये प्यूजो बांधणीचे २११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन येत असे, तसे भंगारातून निघालेले एखादे.

आम्ही उतावळे होतो. त्या वेळी डिझेल पेट्रोलच्या जवळजवळ निम्म्या भावात मिळे. आम्ही म्हणालो, ‘चाचा, डिझेलच घाला, ट्रॅक्टरचे घाला, कधी बंद पडणार नाही.’ चाचांनी खडूने फरशीवर हिशेब मांडला. तो हिशेब आम्ही अजून विसरलो नाही, म्हणून येथे मांडतो.

या जीपच्या मागच्या आसातील क्राउन-पिनियनचे प्रमाण ५.३८. म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन ५.३८ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या थोडा आत, २.२ धरा. पेट्रोल इंजिन मिनिटाला ३५०० फेरे सहज घेते. तेव्हा जीपचा वेग ताशी ८६ किलोमीटर होतो. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास काम करावयास बनविलेले. तेच आस, तीच चाके ठेवली तर त्या फेऱ्यांना वेग होतो ताशी ४९. त्याहून पळवावे तर इंजिन आक्रंदन करते. प्यूजोचे इंजिन तीन हजारांवर घेतले तर ७३-७४ चा वेग मिळतो. चाचा म्हणाले, ‘भाऊ, इंजिन निस्तं बसवायचं असतं तर कोणबी बसवल. आधी सांगा, गाडीला काय काम करायचंय?’

हा प्रश्न आम्हांला फार मोठा वाटतो. इंजिन निवडताना पहिला प्रश्न किती अश्वशक्तीचे असा नसतो. कोणत्या कामासाठी, असा असतो. त्यापुढचे प्रश्न त्यातूनच निघतात. लांबी-रुंदीत ते बसेल काय, रेडिएटर आणि पंख्याला जागा उरेल काय, तेलाची चेंबर पुढच्या आसावर तर आदळणार नाही? त्याचे फ्लायव्हील जुन्या क्लच हाउसिंगला जुळेल काय, की मधे लेथवर तयार केलेली जाड प्लेट घालावी लागेल? ती प्लेट केसभर वाकडी झाली तर गिअर बॉक्सचा बेअरिंग वर्षात जातो. त्याचा पीळ, म्हणजे चाक फिरविण्याचा जोर, जुने आस सोसतील काय? डिझेल इंजिनात हवा पेट्रोल इंजिनाच्या अडीच-तीनपट दाबली जाते. प्रत्येक स्फोटाचा हादरा सांगाड्याला बसतो. माउंटिंगची रबरे त्याच मानाची हवीत, नाहीतर चॅसीला चिरा पडतात. वजन वाढले तर पुढचे पाटे बसतात. आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचे, एवढे सारे धूड थांबविणार कोण?

आम्ही प्यूजोचे इंजिन घेतले. चाचांनी ते सुरेख बसविले; प्लेट बसविली, माउंटिंग नवे केले, रेडिएटर मोठा घातला. ब्रेकच्या ड्रमांविषयी ते म्हणाले की हे जुने आहेत, बदलून टाकू. आमच्याजवळचे पैसे संपले होते. आम्ही म्हणालो, पुढच्या हंगामात पाहू. नोंदणीपुस्तकात नव्या इंजिनाचा क्रमांक आणि इंधनबदल यांची नोंद घेणे आवश्यक होते, तेही आम्ही ‘पुढे पाहू’ या खात्यात टाकले. कारखान्याच्या फाटकावर कायद्याची कलमे तोंडपाठ म्हणून दाखविणारे आम्ही. पण स्वतःच्या जीपपुरता कायदा आम्हांला सवडीने पाळावासा वाटला.

१९९७ च्या हंगामातील गोष्ट. वडीगोद्रीहून इकडे येत असता रात्री अकराच्या सुमारास उसाची एक बैलगाडी समोर आली. गाडीला कंदील नव्हता. आमच्या जीपवर बसणारा सोबती वर्षानुवर्षे पेट्रोल जीप चालविलेला. पेट्रोल इंजिनात पायाखालचे पॅडल सोडले की हवेची वाट बंद होते आणि इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढते. त्या काळच्या डिझेल इंजिनात हवेची वाट मिटतच नाही. पॅडल सोडले तरी तेवढी ओढ मिळत नाही, गाडी पुढे लोटत राहते. त्याच्या पायाला जुनी सवय होती. त्यात पुढे वजन वाढलेले आणि ड्रम झिजलेले. त्याने ब्रेक दाबला, जीप थांबली, पण थांबावयास हवी होती त्याच्या काही हात पुढे. एक बैल जागीच गेला. गाडीवानाच्या पायाचे हाड मोडले. आमच्या सोबत्याच्या कपाळाला टाके पडले. तो बचावला, एवढेच दैव.

विमा होता. तपासनीस आला, त्याने इंजिनावरचा क्रमांक पाहिला, पुस्तकातला क्रमांक पाहिला, आणि जीपच्या नुकसानीचा आमचा दावा फेटाळला गेला. आम्ही त्या विमा कंपनीला बोल लावीत नाही; आकडे जुळत नव्हते हे खरेच होते. गाडीवानाला कोर्टातून भरपाई मिळाली असती, पण कोर्टाची वाट पाहावयाची म्हणजे त्याचा हंगाम गेला असता आणि उचल अंगावर राहिली असती. आम्ही सभासदांची सभा बोलावली आणि झाला प्रकार उभे राहून सांगितला. वर्गणी करून बैल घेऊन दिला, दवाखान्याचा खर्च उचलला. त्या सभेत एक वृद्ध तोडकरी म्हणाला, ‘तुम्ही मुकादमाला म्हणता, कागद नीट ठेव. तुमचा कागद कुठंय?’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

यास्तव कायद्याविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीत असा फेरफार करता येत नाही की ज्यामुळे नोंदणीपुस्तकातील तपशील आणि निर्मात्याने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा असाच काटेकोर अर्थ लावला. त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन बसविण्यास वाट आहे, पण ती नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेने. गॅस किंवा विजेवर गाडी चालवावयाची तर मान्यताप्राप्त संच मान्यताप्राप्त ठिकाणीच बसवून घ्यावा लागतो. म्हणजे अमेरिकन छंदिष्टाची तिसरी वाट, कोणत्याही गाडीत कोणतेही इंजिन, ही आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीला मोकळी नाही. कोणाला हे जाचक वाटेल. आम्हांला तो मेलेला बैल आठवतो आणि जाचक वाटत नाही.

दुसरा नियम २०२१ सालचा. पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, नंबरात ‘व्ही. ए.’ ही अक्षरे, मुदत १० वर्षे. अट अशी की सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते.

आता मूळचेच इंजिन ठेवावे म्हटले तरी सारे मूळचे राहते असे समजू नका. जुन्या इंजिनांना शिसे घातलेले पेट्रोल लागे. त्या शिशाचा पातळ लेप व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसून तिचे रक्षण करी. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. ते योग्यच झाले, कारण तो धूर लेकरांच्या मेंदूला घातक. पण मग जुन्या इंजिनात कठीण पोलादाच्या बैठका बसविणे प्राप्त झाले. आणि यापुढची गोष्ट तर थेट आपल्या गावाशी येऊन भिडते. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. हे इथेनॉल कोठून येते? मका-तांदळापासून येते तसेच उसापासूनही येते, साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून येते. ज्या मळीच्या वासात आपण लहानाचे मोठे झालो, तिचाच हा अर्क. त्याचे दोन स्वभाव आहेत. एक चांगला, म्हणजे त्याचा ऑक्टेन अंक मोठा. दाबाखाली तो अवेळी पेटत नाही, म्हणून उच्च दाबाच्या पैलवान इंजिनाला तो मानवतो. दुसरा नडणारा. लिटरमागे त्यात पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश उष्णता असते, म्हणून २० टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के शक्ती उणी पडते; शिवाय तो पाणी ओढतो आणि जुनी रबरी नळी, जुना डायफ्रॅम, जुनी गॅस्केटे फुगवितो. म्हणून जुने इंजिन उभे करताना नळ्या आणि सीले इथेनॉलला टिकणारी घालावीत, आणि कार्बोरेटरचे जेट किंचित मोठे करावे. साखरपट्ट्यातला माणूस जर हे जाणणार नाही, तर कोण जाणणार?

आता थोडे आमच्या व्यवसायाचे बोलतो, म्हणजे चालकांनाही हायसे वाटेल. इंजिन म्हटले की आपल्याला कंपनीचे नाव आठवते. ते ओतणारे, तासणारे, जोडणारे हात आठवत नाहीत. अमेरिकेतील फ्लिंट गावी ३० डिसेंबर १९३६ रोजी जनरल मोटर्सच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून संप पुकारला. तो ४४ दिवस चालला. त्याला कलाटणी कशाने मिळाली? १ फेब्रुवारी १९३७ रोजी कामगारांनी शेव्हरोलेचा चौथ्या क्रमांकाचा कारखाना ताब्यात घेतला, आणि तो कारखाना इंजिनांचा होता. गाडीचे कवच दुसरीकडे बनविता येईल; इंजिन थांबले म्हणजे सारेच थांबते, हे त्या कामगारांनी ओळखले होते. ११ फेब्रुवारीला कंपनीने त्यांची संघटना मान्य केली. पैलवान गाड्या पुढे ज्यांनी जोडल्या ते याच लढ्याचे वारस. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील एका तंट्यावर १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल औद्योगिक कायद्याच्या पुस्तकांतून अद्यापि शिकविला जातो. परंतु चाचांसारख्या मिस्त्रींचा आणि त्यांच्या हाताखालच्या पोरांचा ना पगारपट, ना प्रॉव्हिडंट फंड, ना कोठे नाव. त्यांनी परदेशी सांगाड्यांत देशी इंजिने बसवून हजारो गाड्या वर्षानुवर्षे चालत्या ठेवल्या. ती विद्या कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नाही. फरशीवरचा खडूचा हिशेब संध्याकाळी झाडूबरोबर जातो. आमची तरुण मंडळींना विनंती आहे की असा एखादा मिस्त्री आपल्या गावी असेल तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा.

चाचा आज हयात नाहीत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने आम्हांला निरोप पाठविला. शेडच्या मागे, टायरांच्या ढिगाखाली, आमच्या जीपचे मूळ इंजिन तेल लावून, पोत्यात गुंडाळून ठेवलेले सापडले होते. त्यावर चाचांनी खडूने संघटनेचे नाव लिहून ठेवले होते. त्यांनी ते भंगारात विकले नव्हते.

मग संघटनेत मोठा वाद झाला. जीप अपघातानंतर शेडमध्ये उभीच होती. तरुण म्हणाले, नवे दमदार डिझेल घाला, गाडी चालण्यासाठी असते, पूजेसाठी नसते. वृद्ध म्हणाले, हे तिचे स्वतःचे इंजिन आहे, तेच घाला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. मूळ इंजिन घातले तर ती जीप व्हिंटेज म्हणून तपासणीस उभी राहू शकते, पण मग ती कोप्यांवर जाणार नाही. दुसरे इंजिन घातले तर ती कदाचित धावेल, पण पुन्हा आकडे जुळणार नाहीत. आम्ही सभेत चाचांचाच प्रश्न विचारला. गाडीला काय काम करावयाचे आहे? रात्री-अपरात्री टोळ्यांपर्यंत पोहोचण्याचे काम असेल तर त्यासाठी चांगल्या ब्रेकची, सरळ कागदांची एखादी अलीकडची गाडी घेऊ. एवढ्या जुन्या सांगाड्याकडून ते काम करून घेणे हा गाडीवरही अन्याय आणि रस्त्यावरच्या माणसांवरही. आणि या जीपला आता एकच काम उरले असेल, आमची चूक आणि चाचांचे हात यांची आठवण ठेवण्याचे, तर त्या कामाला मूळचेच इंजिन हवे.

सभेने तसे ठरविले. ज्या तरुणाने सर्वांत कडाडून विरोध केला, तोच आता चाचांच्या मुलाबरोबर रविवारी जालन्याला जाऊन बसतो. ब्लॉक बोअरला दिला आहे, बैठका नव्या बसल्या आहेत. त्या तरुणाने एक वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्याने इंजिनाचा क्रमांक लिहिला आहे. आणि आम्ही सांगितले नसताही दुसऱ्या पानावर ब्रेकचे ड्रम कधी बदलले त्याची तारीख.